गियर ऑइल बदललं तरी पुन्हा दुधाळ: बोटीच्या मोटरमध्ये पाणी कुठून शिरतं ते कसं शोधायचं

खालच्या गियरचं ऑइल काढलं तर दुधाळ. नवीन भरलं, महिना-दीड महिना मोटर चालवली, पुन्हा काढलं तर पुन्हा दुधाळ. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजवर किंवा नवापूरकडे उकाई धरणाच्या पाण्यावर ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे लावायची आउटबोर्ड मोटर, वापरणाऱ्या कुणाशीही बोला, ही तक्रार निघतेच. पहिल्या वेळी मालक ऑइलला शिव्या घालतो. दुसऱ्या वेळी त्याहून महागडा डबा आणतो. त्यानंतर मोटर मिस्त्रीकडे येते. शिंदखेड्याकडच्या एका मासेमारानं विचारलेला प्रश्न सगळ्यांचाच आहे: "तेल ते नवंज शे भो, मंग दूध कसं व्हयनं?"

तेल नवं आहे, पण पाण्याची वाट जुनीच आहे आणि उघडी आहे. ती बुजेपर्यंत कितीही भारी ऑइल घाला, त्याचं तेच होणार. म्हणून इथे आधी पाण्याची वाट शोधू. कोणतं ऑइल आणि कसं बदलायचं, ते नंतर. बहुतेक लोक उलट्या क्रमानं जातात आणि म्हणूनच दर हंगामाला त्याच ठिकाणी येऊन उभे राहतात.

आत आहे तरी काय

पंख्याच्या पुढे जो गोल फुगीर भाग पाण्याखाली असतो, त्यात तीन गियर असतात. इंजिनाकडून खाली येणाऱ्या उभ्या शाफ्टच्या टोकाला एक छोटा गियर, आणि त्याला दोन्ही बाजूंनी चावणारे दोन मोठे, एक पुढे जाण्यासाठी आणि एक मागे येण्यासाठी. मधला डॉग क्लच तुम्ही गियर टाकाल तसा पुढच्या किंवा मागच्या गियरमध्ये अडकतो. हे सगळं अगदी थोड्या ऑइलमध्ये फिरतं. १५ हॉर्सपॉवरपर्यंतच्या बऱ्याच मोटरांत साधारण पाव लिटर, ४० हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोकमध्ये अर्ध्या लिटरच्या आत. ट्रॅक्टरच्या गियरबॉक्समध्ये वाटीभर पाणी गेलं तर लवकर कळतही नाही. इथे दोन चमचे गेले तरी सगळ्या ऑइलचा रंग फिरतो.

गियरचा हा डबा, म्हणजे गियरकेस, सतत पाण्यात बुडालेला असतो आणि बाहेरून आत जाणाऱ्या वाटा ठरलेल्या आहेत: ऑइल भरण्या-काढण्याचे दोन बोल्ट, पंख्याची शाफ्ट, उभी शाफ्ट, गियर टाकायची सळई आणि पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग ज्यात बसतं त्या हाउसिंगची ओ-रिंग (रबरी कडं). याशिवाय गियरकेसलाच तडा असेल तर तो.

"बाहेर ऑइल गळत नाही, मग आत पाणी कसं जाईल?" असं पुष्कळ जण विचारतात. मोटर चालताना ऑइल आणि आतली हवा तापते, फुगते. किनाऱ्याला येऊन मोटर बंद केली की गार पाण्यात तीच हवा आकसते आणि डब्यात खेच तयार होते. शाफ्टभोवतीच्या रबरी सीलची धार जिथे कमजोर असेल तिथून ही खेच पाणी आत ओढते. पाणी बहुधा असं बंद केल्यावर शिरतं, तेही थेंब-थेंब. त्यामुळे दिवसातून अनेक फेऱ्या मारणाऱ्या, प्रत्येक काठावर मोटर बंद करणाऱ्या बोटीला हा त्रास एका दमात लांब जाणाऱ्या बोटीपेक्षा जास्त होतो.

आधी खात्री करा की ते पाणीच आहे

नुकत्याच चालवलेल्या मोटरचं ऑइल काढलं तर त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि तेही फिकट, ढगाळ दिसतं. ते पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर ठेवा. हवा असेल तर सकाळी ऑइल स्वच्छ दिसेल. पाणी असेल तर एक तर तळाशी वेगळा थर बसेल, किंवा ऑइल आहे तसंच दुधाळ राहील.

तरी शंका राहिली तर जुन्या पत्र्याचा तुकडा चांगला तापवून त्यावर ऑइलचा एक थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं, नसेल तर नुसतं पसरून धूर येतो. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि यासाठी घरातला तवा घेऊ नका. गियर ऑइलमधल्या गंधकाचा वास धुऊन जात नाही.

आणखी एक सोपी खूण. मोटर उभी ठेवून रात्रभर सोडा. सकाळी खालचा बोल्ट काढून न टाकता फक्त थोडा ढिला करा. आधी पाण्याचे थेंब आले आणि मग ऑइल, तर पाणी बऱ्यापैकी आहे.

पंख्याच्या मध्यातून काळं पातळ ओघळ येतं तेव्हाही लोक घाबरतात. बऱ्याच मोटरांचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळीतूनच बाहेर पडतो आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये मिसळलेलं, न जळलेलं टूटी ऑइल तिथेच साचतं. त्याला पेट्रोलचा वास येतो. गियर ऑइल बोटांत घट्ट, चिकट लागतं आणि त्याला गंधकाचा तो ओळखीचा उग्र वास असतो. वास घेतल्याशिवाय सील बदलायला घेऊ नका.

पहिली शंका: दोन बोल्टांचे वॉशर

सगळ्यात स्वस्त गोष्ट सगळ्यात आधी. खालच्या आणि वरच्या बोल्टला प्रत्येकी एक वॉशर असतो, काही मोटरांत ओ-रिंग. हा एकदा दाबला गेला की पुन्हा तसाच बसेल याची खात्री नसते. मोटरच्या पुस्तकात प्रत्येक वेळी नवा वॉशर घालायला सांगितलेलं असतं आणि प्रत्यक्षात जुनाच पुसून लावला जातो, कारण तो इतका क्षुल्लक दिसतो. काही वेळा तर जुना वॉशर केसलाच चिकटून राहतो, नवा त्याच्यावर बसतो आणि दोन्ही मिळून गळतात. बोल्ट काढला की भोकाच्या कडेला नखानं खरवडून पाहा.

तांब्याचा वॉशर घालू नका. केस ॲल्युमिनियमची आहे. पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम शेजारी बसले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. टेफ्लॉन टेप गुंडाळणं, एम-सील लावणं हेही नको. बोल्ट अडकतो, आणि पुढच्या वेळी काढताना त्याची खाच मोडते. मूळ मापाचा फायबरचा किंवा कंपनीचा वॉशर पाच-दहा आगाऊ आणून ठेवले तर वर्षानुवर्षं पुरतात.

ऑइल बदलल्यावरच पाणी यायला लागलं असेल, आधी कधीच नव्हतं, तर नव्वद टक्के शंका याच वॉशरवर घ्या.

दुसरी शंका: पंख्यामागचा तंगूस

आपल्याकडच्या मोटरांचा हा खरा शत्रू. जाळ्याचा तुटका तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पाण्यात तरंगत असतो, पंख्यात येतो, आणि शाफ्टभोवती गुंडाळत पंख्याच्या मागे, गियरकेसच्या बाजूला सरकतो. तिथे तो दिसत नाही. शाफ्ट फिरते, तंगूस घट्ट होत जातो, घासून तापतो आणि सीलची रबरी धार कापतो. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की तापी-पूर्णेच्या संगमाकडून लाकडं, वेली, फाटकी जाळी काय-काय वाहून येतं ते चांगदेवच्या घाटावर उभं राहिलं तरी दिसतं. दरवाजे बंद झाले की ते सगळं फुगवट्यातच राहतं.

पंखा काढायला दहा मिनिटं लागतात. आधी किल-स्विचची (मोटर बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा आणि प्लगची वायर सोडवून बाजूला ठेवा. त्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही. स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट काढा, पंखा आणि त्यामागचा जाड वॉशर बाहेर घ्या. वॉशर कोणत्या तोंडानं बसला होता त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. आता शाफ्टभोवती नीट पाहा. तंगूस असला तर टोकदार सुरीनं शाफ्टला चरा न पाडता कापून काढा. परत बसवताना शाफ्टच्या दातांना पाण्यात टिकणारं ग्रीस, आणि स्प्लिट पिन नवी.

जाळ्यांच्या पाण्यात फिरणाऱ्यानं हे महिन्यातून एकदा करावं. सेवा-वेळापत्रकात इतक्या लवकर सांगितलेलं नसतं, पण ते वेळापत्रक लिहिणाऱ्यानं आपलं पाणी पाहिलेलं नाही.

सील बदललं तरी पाणी येतंय

इथे प्रकरण गुंतागुंतीचं होतं आणि "वारंवार" हा शब्द इथूनच येतो. तंगूस सापडला, सील फाटलेलं दिसलं, नवीन सील घातलं, आणि दोन महिन्यांत ऑइल पुन्हा दुधाळ. मिस्त्री म्हणतो सील डुप्लिकेट होतं. असेलही. पण त्याआधी शाफ्ट पाहिली का?

पावसाळ्यात तापीचं पाणी काळ्या मातीनं भरलेलं असतं आणि हतनूरच्या तळाशी गाळ किती साचलाय हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पंखा तोच गाळ ढवळत चालतो. हे बारीक कण सीलच्या धारेखाली अडकतात आणि शाफ्टवर एक गोल चर पाडतात. रबर मऊ आणि शाफ्ट स्टीलची, तरी झिजते शाफ्ट, कारण कण रबरात रुतून बसतात आणि स्टीलला घासत राहतात. नवीन सीलची धार नेमकी त्याच चरात बसते आणि तिला पुरेसा दाब मिळत नाही.

शाफ्ट पुसून कोरडी करा आणि सीलच्या जागेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर नुसतं सील बदलून भागणार नाही. तीन उपाय आहेत. हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे धार शाफ्टच्या न झिजलेल्या जागेवर येते. हे फुकटात होतं आणि बहुतेक वेळा पुरतं. दुसरा उपाय शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची बाही. मोठ्या बेअरिंगच्या दुकानात मापानं मागवून मिळते. तिसरा उपाय नवीन शाफ्ट, आणि तो खर्च जुन्या मोटरला करायचा का हा ज्याचा-त्याचा हिशोब. लेथवर शाफ्टला वेल्डिंग भरून पुन्हा कातून घेण्याचा मार्ग मला पटत नाही. तापून शाफ्ट किंचित वाकली तर सीलबरोबर बेअरिंगही जातं.

सील घेताना तीन मापं लागतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. जुन्या सीलच्या पाठीवर ती कोरलेली असतात. जळगाव-धुळ्यात बेअरिंगवाल्याकडे या मापाचं साधं सील मिळून जाईल. मात्र सीलच्या धारेमागे जी बारीक गोल स्प्रिंग असते, ती साध्या सीलमध्ये साध्या पोलादाची असते. पाण्यात ती गंजून तुटते आणि सील ढिलं पडतं. बोटीच्या सीलमध्ये स्टेनलेसची असते. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

पंख्याच्या शाफ्टला बहुधा दोन सील एकामागोमाग असतात. दोघांची तोंडं एकाच बाजूला की पाठीला पाठ, हे कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतं. म्हणून जुनं उपटण्याआधी फोटो घ्या. दोन सीलमधल्या जागेत ग्रीस भरा, धारेला ऑइल लावा आणि शाफ्टच्या दातांवर पातळ प्लास्टिक गुंडाळून मगच हाउसिंग सरकवा, नाहीतर नवी धार बसतानाच कापली जाते. हाउसिंग बाहेर काढायला पुलर लागतो. हातोडी आणि छिन्नी घेऊन बसणाऱ्या मिस्त्रीकडून मोटर सरळ परत आणा. हाउसिंग निघालंच आहे तर त्याची ओ-रिंगही नवी टाका, किंमत नगण्य आहे.

वरून येणारं पाणी

उभ्या शाफ्टचं सील वॉटर पंपाच्या बैठकीखाली असतं. इंपेलर (त्या पंपातलं रबरी चाक) बदलल्यानंतर ऑइल दुधाळ व्हायला लागलं असेल तर पंख्याकडे जाण्यात वेळ घालवू नका. बैठक उचकताना सीलला धक्का लागला असेल, गॅस्केट जुनीच बसवली असेल, किंवा उभ्या शाफ्टवर तोच गाळाचा चर असेल. गाळात चालणाऱ्या मोटरचा इंपेलर लवकर झिजतो, म्हणून ती बैठकही आपल्याकडे जास्त वेळा उघडली जाते.

गियर टाकायच्या सळईचं सील किंवा ओ-रिंग लहान असते आणि विसरली जाते. सळई गंजून खडबडीत झाली असेल तर तिथूनही पाणी उतरतं.

केसला तडा असणं तसं क्वचित. बॅरेजच्या खालच्या बाजूला खडकाळ पात्रात आपटलेली मोटर असेल तर मात्र खालची माशाच्या परासारखी पाती आणि तिच्या मुळाशी नीट पाहा. आर्गॉन वेल्डिंगनं दुरुस्ती होते.

हवा भरून तपासणी

अंदाज करत एकेक सील बदलण्यापेक्षा ही तपासणी आधी करा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तसंच आहे हे. ऑइल पूर्ण काढा. खालचा बोल्ट नव्या वॉशरसह घट्ट लावा. वरच्या भोकाच्या आट्यांना बसेल असा निप्पल लेथवाल्याकडून करून घ्या आणि त्याला गेज असलेला सायकलचा हातपंप जोडा.

आधी फक्त ४-५ पाउंड हवा भरा. कमी दाबाला मुद्दाम महत्त्व द्यायचं, कारण जास्त दाबानं सीलची धार शाफ्टवर दाबली जाते आणि छोटी गळती लपते. काटा काही मिनिटं हलला नाही तर मग १२-१४ पाउंडांपर्यंत जा. पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. दोन्ही दाबांना पंखा हळूहळू हातानं फिरवा, उभी शाफ्ट फिरवा, गियर पुढे-मागे टाकून बघा. काही गळत्या शाफ्ट विशिष्ट जागी आल्यावरच उघड्या पडतात. काटा उतरायला लागला की साबणाचं पाणी शिंपडा किंवा खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा. बुडबुडे जिथून येतील ती वाट.

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर थेट लावू नका. त्याच्या टाकीत शंभराच्या पुढे पाउंड असतात आणि एका क्षणात चांगली सीलंसुद्धा जागेवरून उडतात. पंक्चरवाल्यानं "थोडीच सोडतो" म्हटलं तरी नको.

आता ऑइल कोणतं

मोटरच्या पुस्तकात जे लिहिलंय ते. यामाहाच्या बऱ्याच मोटरांना हायपॉइड गियर ऑइल एसएई ९० लागतं; ९० हा घट्टपणाचा नंबर. सुझुकी एसएई ९० हायपॉइड, जीएल-५ वर्गाचं सांगते. मर्क्युरी स्वतःचं गियर ल्यूब सांगते. पुस्तक हरवलं असेल तर त्या मॉडेलचं पुस्तक कंपनीच्या साइटवर बहुधा मिळतं.

जीएल-४ आणि जीएल-५ यांत फरक असतो तो दातांवर प्रचंड दाब आला की धातूला धातू चिकटू नये म्हणून घातलेल्या गंधक-फॉस्फरसच्या औषधाचा. जीएल-५ मध्ये ते जास्त असतं. जिथे पितळी भाग असतात तिथे जीएल-५ त्यांना खाऊ शकतं, म्हणून पुस्तकात फक्त जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ "भारी" समजून घालू नका.

८०डब्ल्यू-९० की साधं ९०, यावर वाद घालणारे बरेच भेटतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. आपल्याला त्या आकड्याचं फारसं देणंघेणं नाही. गरम झाल्यावर दोन्ही सारखीच.

दुधाळ झालेलं ऑइल पातळ वाटतं म्हणून ट्रॅक्टरच्या दुकानातून १४० आणून भरण्याची पद्धत मात्र थांबायला हवी. घट्ट ऑइलनं पाणी अडत नाही. उलट ते बारीक बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही आणि मोटरची ताकद ऑइल ढवळण्यात जाते. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक आणि ब्रेकला एकच चालणारं ऑइलही नको. ते पातळ असतं आणि दुसऱ्या कामासाठी बनलेलं असतं. इंजिन ऑइल तर नाहीच. गियर ऑइलचा ९० आणि इंजिन ऑइलचा ४० या वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. घट्टपणात ९० नंबरचं गियर ऑइल इंजिनाच्या ४०-५० च्या आसपासच येतं, पण दातांच्या दाबासाठीचं ते औषध इंजिन ऑइलमध्ये तेवढं नसतं.

बोटीसाठीचं म्हणून मिळणारं गियर ऑइल घ्यावं का? मिळालं तर जरूर. त्यात गंज रोखणारी द्रव्यं जास्त असतात आणि थोडं पाणी शिरलं तरी ते गियरला सांभाळून घेतं. चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या दुकानात ते मिळेलच असं नाही. नंदुरबार-नवापूरवाल्यांना सुरत जवळ पडतं, बाकीच्यांना मुंबईहून मागवावं लागतं. ते येईपर्यंत पुस्तकातल्या वर्गाचं, चांगल्या कंपनीचं, झाकणाचं सील न तुटलेलं गाडीचं गियर ऑइल घाला. कोरड्या गियरकेसमध्ये ते व्यवस्थित चालतं. पाणी येणाऱ्या गियरकेसमध्ये बोटीचं महाग ऑइलसुद्धा फार दिवस टिकत नाही.

बदलताना

नवीन मोटरचं पहिलं ऑइल पहिल्या १०-२० तासांनी, पुस्तकात जसं असेल तसं. त्यानंतर साधारण दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. आपल्याकडे पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर पाणी निवळल्यावर एकदा, असं धरलं की लक्षात राहतं.

मोटर थोडी चालवून कोमट करा आणि सरळ उभी ठेवा. आधी खालचा बोल्ट सोडा, मग वरचा काढा; वरचा निघाल्यावर हवा आत जाते आणि ऑइल धारेनं खाली येतं. खाच मोठी असते, म्हणून रुंद पात्याचा पेचकस घ्या. बारीक पेचकसानं खाच मोडली की ड्रिल मशीन लागतं. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूड मोटरांत खालच्या बोल्टजवळ चौफुली खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो ऑइलचा नाही, आतल्या गियर बदलणाऱ्या भागाचा खिळा आहे. तो काढला तर आतले तुकडे सुटतात आणि गियरकेस उघडावीच लागते.

खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचं काय ते बघा. करड्या रंगाची बारीक, मऊ पेस्ट ही नेहमीची झीज. बोटांत टोचणारे चकचकीत तुकडे आले तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. तिथे ऑइल बदलून मोटर पाण्यात घालू नका.

भरायचं खालच्या भोकातूनच. वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि भरल्यासारखं वाटून अर्धं रिकामं राहतं. पंपाची नळी नसेल तर गुरांच्या औषधाची मोठी सिरिंज आणि घट्ट बसणारी नळी चालते. सिरिंज पुन्हा भरताना वरचं भोक बोटानं बंद धरलं की खालून ऑइल परत येत नाही. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून सलग ऑइल यायला लागलं की आधी वरचा बोल्ट नव्या वॉशरसह लावा, मग नळी काढून चटकन खालचा. तास-दोन तासांनी वरचा बोल्ट उघडून पातळी पुन्हा पाहा, थोडी भर लागतेच.

आधी दुधाळ ऑइल होतं तर एकदा भरून काम संपत नाही. कोपऱ्यात राहिलेलं जुनं मिश्रण नव्यालाही ढगाळ करतं आणि मालकाला वाटतं गळती तशीच आहे. त्याच प्रकारचं स्वस्त ऑइल भरून मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवा, काढा. स्वच्छ निघेपर्यंत हे करा आणि मग चांगलं भरा. डिझेल घालून मोटर चालवणारे आहेत. त्यात दातांना काहीच संरक्षण नसतं, म्हणून ते करू नका.

काढलेलं ऑइल काठावर ओतू नका. हतनूरचं पाणी भुसावळकडे पिण्यासाठीही जातं. डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्या, जुनं ऑइल गोळा करणारे त्याच्याकडे येतात.

दुरुस्ती झाल्यावर तासभर मोटर चालवा आणि ती पाण्यातच खाली सोडून रात्र जाऊ द्या. खेच जी काही तयार व्हायची ती याच रात्री होते. सकाळी खालचा बोल्ट ढिला करून चार थेंब घ्या. स्वच्छ असतील तर आठवडाभर वापरून पुन्हा पाहा, मग निश्चिंत व्हा.

मोटर लगेच उघडता येत नसेल तर

नर्मदेकाठी अक्कलकुवा-अक्राणीच्या गावांत बोट थांबली तर माणसांचं येणं-जाणंच थांबतं. सील मागवून येईपर्यंत तिथे मोटर चालवावीच लागते. अशा वेळी काठाला आल्यावर मोटर बंद केली की लगेच वर उचलून ठेवा. गियरकेस पाण्याबाहेर गार झाली तर ती पाण्याऐवजी हवा ओढते. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी खालच्या बोल्टातून साचलेलं पाणी काढून तेवढं ऑइल भरा, आणि आठवड्याला पूर्ण बदला. स्वस्त ऑइल वापरा, कारण ते फेकायचंच आहे. असं फार दिवस ढकलू नका. थंड देशात गियरकेसमधलं पाणी गोठून केस फुटते म्हणून ते लोक घाईनं बघतात; आपल्याकडे गोठत नाही, पण बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडतात आणि त्याचा आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो.

पुराच्या बोटी

नगरपालिका, तहसील आणि बचाव पथकांकडच्या मोटरांची गोष्ट उलटी आहे. त्या वर्षातले बरेच महिने शेडमध्ये पडून असतात आणि तापीला पूर आला की एकदम चालतात. त्यांच्या सीलची धार एकाच जागी बसून कडक होते. मागच्या पुरात शिरलेलं चमचाभर पाणी तळाशी बसून राहतं आणि खालच्या बेअरिंगवर गंजाची रेघ ओढतं. तास मोजले तर सर्व्हिसची वेळ आलेलीच नसते, त्यामुळे रजिस्टरमध्ये सगळं ठीक दिसतं.

अशा मोटरांना तास न मोजता वर्ष मोजा. पूर संपला, बोट धुतली, की त्याच आठवड्यात ऑइल बदलून ठेवा; पुढच्या जूनची वाट पाहू नका. शेडमध्ये असताना महिन्यातून एकदा न्यूट्रलमध्ये पंखा हातानं चार फेरे फिरवा आणि किल-स्विच काढून दोरी हळूच एक-दोनदा ओढा, म्हणजे दोन्ही शाफ्टवरच्या धारा ओल्या राहतात. जास्त वेळा ओढू नका, कोरड्यात इंपेलर घासतो. मे महिन्यात खालच्या बोल्टाचे चार थेंब पाहा आणि पंखा काढून तंगूस तपासा. बोटीच्या पेटीत दोन्ही बोल्ट, वॉशर, स्प्लिट पिना, रुंद पेचकस आणि एका भरतीचं ऑइल एकत्र बांधून ठेवा, कारण पुराच्या रात्री बेअरिंगचं दुकान उघडं नसतं.